पोटमाळ्यावरचा बेस

परळ
७ जानेवारी २०२५

बुधाजीकाका,
सप्रेम जय भीम.

डबा काल एसटी डेपोत मिळाला. पार्सलवाल्याने उलटाच हातात दिला, पण तुम्ही आत एवढा कापूस कोंबला होता की वरून ट्रक गेला असता तरी चाललं असतं.

तुमची अट लक्षात आहे. आवाजाबद्दल फोन करायचा नाही, कागदावर लिहायचं, कारण फोनवर माणूस ‘मस्त’ म्हणतो आणि सुटतो. शाळेनंतर एवढं हाताने लिहिलं नव्हतं. बोटं दुखतायत, आणि ही बेस वाजवणारीची बोटं आहेत.

तर, गिटार आणि अँपच्या मध्ये तुमचा हा प्रीअँपचा डबा लावला आणि जाड तार छेडली. पहिल्या सुरालाच कळलं, हा दुकानातला माल नाही. दोन वर्षं माझा बेस गोधडीत गुंडाळल्यासारखा येत होता, नुसती धडधड, सूर कुठला ते कळायचंच नाही. आता प्रत्येक सूर वेगळा उभा राहतो. अप्पा असते तर म्हणाले असते, बुध्याने हात लावला की पत्रापण गातो. (बुध्या ते म्हणायचे. मी फक्त सांगतेय.)

एकच गोष्ट. वाजवणं थांबलं की सूं असा आवाज येतो. बारीक, पण सतत. तेवढा काढून द्या. डबा याच पत्राबरोबर परत पाठवतेय. चौदा एप्रिलला हर्षवर्धनच्या ऑर्केस्ट्राचा नायगावात कार्यक्रम आहे, त्याआधी माझा आवाज जमायलाच हवा.

आईचं बरं आहे.

तुमची,
प्रिती


बौद्धवाडी, ता. मंडणगड
१५ जानेवारी २०२५

चि. प्रिती,
जय भीम.

सूं कुठला? डबा बांधून झाल्यावर मी तीन दिवस ऐकला होता. तुझं पत्र आल्यावर पुन्हा ऐकला. राजस कामावर, सूनबाई माहेरी, घरात चिटपाखरू नव्हतं. एक टिपूससुद्धा आवाज नाही. तुझी वायर बदल, अर्थिंग बघ. तेही ठीक असेल तर कान तपासून घे. तुम्ही पोरं दिवसभर कानात बोळे कोंबून बसता, मग सूं नाही तर काय सनई ऐकू येणार?

मला मात्र वेगळीच उणीव जाणवली. सुराला वरची धार कमी पडत होती. हल्लीचे पार्ट पहिल्यासारखे राहिले नाहीत. म्हणून धार चांगली वाढवून पाठवतो आहे.

आतले स्क्रू फिरवायला जाऊ नकोस. त्यांवर मी लाख लावली आहे. गिरणीत वायरमन होतो तेव्हापासून माझी ही पद्धत आहे. तुझ्या अप्पाच्या, कुशाबाच्या जलशाचे सगळे अँप मीच बांधले, एकालाही बाहेरून फिरवायचं बटण नव्हतं. वाजवणाऱ्याच्या हाती बटण दिलं की तो रोज नवा आवाज शोधत बसतो आणि गाणं राहून जातं.

हर्षवर्धनकडे स्पीकर किती इंची आहेत, तू त्यांच्यापासून किती लांब उभी राहतेस, आणि मैदान उघडं असतं की मंडप असतो, हे सविस्तर लिही. बकुळावहिनींना जय भीम सांग.

बुधाजी


परळ
२४ जानेवारी २०२५

बुधाजीकाका,
जय भीम.

वायर बदलली. अर्थिंग तपासलं. आणि खरंच कान दाखवून आले! दोन तास रांगेत बसले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कान उत्तम आहेत, गरजेपेक्षा जास्तच ऐकतात. मला आधी वाटलं होतं सूं माझ्या डोक्यातच आहे. तो तिथे नाही हे कळल्यावर जरा बरं वाटलं.

म्हणजे तो डब्यातच आहे, काका. आणि धार वाढवल्यापासून दुप्पट झालाय. सूर आता कानात टोचतो. तारेवरून बोट सरकलं की केवढ्याने चिर्र करतं. काल दुपारी वाजवताना तर आईने तीन हाका मारल्या त्या कळल्याच नाहीत, चौथी कळली.

स्पीकर अठरा इंची आहेत, दोन. मी बाजूला उभी असते. मैदान असतं कधी, कधी मंडप.

डबा पुन्हा पाठवतेय. धार पहिल्यासारखी करा आणि सूं काढा. एवढंच मागतेय.

प्रिती


बौद्धवाडी
१ फेब्रुवारी २०२५

चि. प्रिती,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

दोन अठरा इंची स्पीकर, समोर हजार माणसं, पोरं नाचतायत, शिट्ट्या वाजतायत, बाजूला जनरेटर. अशा ठिकाणी माझ्या डब्यात सूं असला तरी तो ऐकायला जागा कुठे असते? तारेवरून बोट सरकल्याचं कुणाला कळतं? आणि भर कार्यक्रमात बकुळावहिनी हाका मारायला कुठून आल्या?

मी सत्तरी ओलांडलेला माणूस आहे, पण अजून बावळट झालेलो नाही. मी मैदानासाठी डबा बांधतोय आणि तू तो भलतीकडेच लावते आहेस. तू कुठे वाजवतेस ते खरं लिही. तोवर डबा माझ्या टेबलावर राहील आणि मी स्क्रूड्रायव्हर उचलणार नाही.

बुधाजी


परळ
२५ फेब्रुवारी २०२५

बुधाजीकाका,

तीन आठवडे पत्र लिहिलं नाही. रागावले नव्हते. लिहिलं की खरं होईल, म्हणून टाळत होते.

मी सप्टेंबरमध्ये ऑर्केस्ट्रा सोडला.

ऑगस्टमध्ये आईला झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं, एक शब्द सोडून. तो शब्द म्हणजे माझं नाव. पाणी हवं असलं तरी प्रिती, कूस बदलायची असली तरी प्रिती, आणि काही नको असलं तरी प्रिती. दर पाच मिनिटांनी. सांभाळायला बायका ठेवल्या, तीन ठेवल्या. कामाला कुणी नाही म्हटलं नाही, पण त्या हाकांनी तिघीही पळाल्या. शेवटची म्हणाली, “ताई, मला स्वप्नात पन तुमचं नाव ऐकू यायला लागलं.” शेवंतीमावशी शेजारच्या म्हणून सकाळ-संध्याकाळ येतात, पुसणं, कपडे, सगळं माझ्याबरोबर करतात. मधला दिवस मी आणि आई. भाऊ म्हणून संघर्ष पुण्याहून महिन्यातून एकदा येतो. फळं आणतो, आईच्या पायाशी बसून रडतो आणि साडेचारच्या गाडीने जातो. त्याला काही बोलवत नाही, रडतो बिचारा.

ऑफिसचं बिलिंगचं काम मी घरूनच करते, लॅपटॉपवर. शेवटची मी या चाळीतून रस्त्यावर कधी उतरले माहितेय? तुमच्यासाठी कान दाखवायला गेले होते ना, तेव्हा. रांगेत दोन तास मजेत बसले. नंबर आला तेव्हा वाईट वाटलं.

दुपारी आईचा डोळा लागला की मी पोटमाळ्यावर चढते. तिथे मान ताठ करता येत नाही, गिटारची मूठ पंख्याच्या हुकाला लागते. छोट्या अँपला हेडफोन लावते. एक कान झाकते, एक उघडा ठेवते, हाकेसाठी. चाळीस मिनिटं मिळतात, कधी दहा. तेवढ्यात तुमचा सूं ऐकू येतो काका, कारण तिथे दुसरं काहीच नसतं.

तुम्हाला खोटं लिहिलं, कारण कार्यक्रमाबद्दल लिहीत होते तोवर मी अजून ऑर्केस्ट्रात होते. हर्षवर्धन चांगला आहे. बेस सध्या कीबोर्डवर डाव्या हाताने भागवतो, आणि मार्चअखेरपर्यंत माझी जागा कुणाला देणार नाही म्हणाला. पण मी काही जाणार नाही, हे त्यालाही माहीत असेल.

तर आता खरं मागते. मैदान विसरा. मला पोटमाळ्यापुरता डबा करून द्या. हळू वाजणारा, अजिबात सूं नसलेला. तेवढ्यावर माझं भागेल.

प्रिती


बौद्धवाडी
४ मार्च २०२५

चि. प्रिती,

डबा करून देणार नाही.

काम सोपं आहे. आतली ताकद कमी करायची, एक आयसीची चिप बदलायची, एका दुपारचं काम. इतका सुरेख डबा होईल की पोटमाळ्यावर तुला काही कमी पडणार नाही. मग तू तिथून उतरशील कशाला? कुशाबाची मुलगी मान वाकवून, पंख्याच्या हुकाखाली, स्वतःपुरतं वाजवत म्हातारी होईल, आणि ती सोय मी माझ्या हाताने करून दिलेली असेल. ते मला जमणार नाही.

आता माझं ऐक. तू लिहिलंस, मलाही लिहायला हवं.

सूं मला ऐकू येत नाही. तुझ्या डब्यात आहे म्हणतेस, तर असणारच. दोन वर्षांपूर्वी आधी पाखरं बंद झाली. मला वाटलं झाडं तोडली म्हणून. मग कुकरची शिट्टी गेली. जाड आवाज अजून येतात, बारीक सगळे गेले. माणसं बोलतात ते कळतं, पण काय बोलतात ते कळत नाही. घरात सगळे हसले की मीही हसतो. परवा राजसच्या मित्राचे वडील वारल्याची गोष्ट चालली होती आणि मी हसलो.

फोन नको म्हणालो तो त्यामुळे. धार वाढवली तीही त्यामुळे. मला ऐकू येईना म्हणून मी वाढवत गेलो आणि तुला डॉक्टरकडे धाडलं. पार्ट चांगले होते. माझेच कान गेले होते. लाज वाटते, पण ज्या माणसाने आयुष्यभर परळ-लालबागचे अँप कानाने जुळवले, त्याने हे कुणाला सांगायचं? तुला पहिल्यांदा सांगतो आहे. घरी माहीत नाही.

बुधाजी


परळ
९ मार्च २०२५

काका,

तुमच्या कानांचं वाचून मला फार वाईट वाटलं. ते आधी लिहिते, कारण पुढे मी भांडणार आहे.

‘उतरशील कशाला’ हे लिहायला तुमचं काय जातं? उतरून कुठे जाऊ? आणि मी गेले की आईला पाणी कोण देणार, तुमचा आयसी? मी काही हौसेने वर चढून बसले नाहीये. जन्मात एकच गोष्ट चांगली येते मला, ती चाळीस मिनिटं तरी नीट ऐकू यावी एवढं मागितलं, तर तुम्ही मला धडा शिकवता. मुलगी नोकरी सांभाळते, आईला सांभाळते, कधी तक्रार करत नाही, असं गॅलरीत सगळे म्हणतात. मला तक्रार करायची आहे! पण करू कोणाकडे? आईकडे?

डबा आहे तसा परत पाठवा. सूंसकट.

प्रिती


बौद्धवाडी
१५ मार्च २०२५

चि. प्रिती,

भांडलीस ते बरं केलंस. कुशाबा पण असाच लिहायचा, आधी नमस्कार आणि मग चपला.

तुझं म्हणणं बरोबर आहे. नुसतं ‘खाली उतर’ म्हणणं म्हणजे काठावर बसून पोहायला शिकवणं झालं. म्हणून दोन दिवस विचार केला आणि एक हिशोब जुळला. तीन बायका वहिनींच्या हाकांनी पळाल्या. मला त्या हाकांचा त्रास होणार नाही.

मी वहिनींच्या समोर खुर्ची टाकून बसेन. ओठ हलले की दिसेल. पाणी देता येतं, उशी सरळ करता येते, औषध वेळेवर देता येतं, घड्याळ वाचता येतं. बाकीचं शेवंतीबाई सकाळ-संध्याकाळ बघतातच. इथे मी दिवसभर खुर्चीतच बसतो, तिथे बसलो तर निदान समोर ओळखीचं माणूस असेल. वहिनींनी माझ्या दोन्ही पोरांची बाळंतपणं काढली आहेत. राजसला सांगितलं. कानांचंही सांगितलं. त्याने माझी बॅग काढून दिली.

शुक्रवारी पोहोचतो. डेपोत न्यायला येऊ नकोस, परळ मला माहीत आहे. हर्षवर्धनला फोन कर. तो मात्र तूच कर, तुझे कान चांगले आहेत.

डबा बरोबर आणतो आहे. ताकद होती तेवढीच ठेवली आहे, मैदानाची. लाख मात्र खरवडून काढली आणि धारेच्या स्क्रूच्या जागी बटण बसवलं, बाहेरच्या बाजूला. बोटाने फिरेल असं. किती फिरवायचं ते मला विचारू नकोस. मला आता सांगता येत नाही.

बुधाजी


घर, सोमवार, २४ मार्च

काका,

तुमच्या कानात ओरडले तर अख्खी चाळ ऐकते, म्हणून चिठ्ठी.

प्रॅक्टिस शीव कोळीवाड्यात आहे, चार ते सहा. साडेतीनला निघते. चारला अर्धी गोळी, दह्यात कुस्करून. पाणी चमच्यानेच, नाहीतर ठसका लागतो. पंखा दोनवर. आई हाक मारेल. ती मारतच राहील, त्याला काही उपाय नाही, तुम्ही घाबरू नका. काही वाटलं तर शेवंतीमावशींच्या दारावर थाप मारा, त्या घरीच आहेत.

जाऊ ना? अजून सांगा, नाही जात.

प्रिती

(त्याच कागदाच्या खाली)

साडेतीन वाजून गेले. नीघ.

बुधाजी


घर, शुक्रवार, ४ एप्रिल, सकाळ

काका,

तुम्ही समोर बसून चहा पिताय आणि मी तुम्हाला पत्र लिहितेय. आंघोळीला जाताना ते तुमच्या बशीखाली ठेवीन. तोंडावर सांगायची हिंमत नाही.

आधी चांगलं. डबा जमला. पहिल्याच दिवशी बटण थोडं मागे घेतलं आणि दोन मिनिटांत आवाज जागेवर बसला. हर्षवर्धनने गाणं मध्येच थांबवलं आणि म्हणाला, “ए प्रिती, हा तुझाच आवाज आहे काय? इतकी वर्षं कुठं ठेवला होतास?” त्याने कीबोर्डवरचा डावा हात खिशात घातला आणि पुढची सगळी गाणी एका हाताने वाजवली. सगळे हसले. मीपण. दहा दिवसांवर कार्यक्रम आलाय आणि मला भीती वाटत नाहीये.

आता दुसरं. तुम्हाला सारखं सांगते, प्रॅक्टिस लांबली, बस मिळाली नाही. खोटं आहे. प्रॅक्टिस सहालाच संपते. मी साडेसहाला हिंदमाताला उतरते आणि साडीच्या दुकानात शिरते. पाठीवर गिटार घेऊन गादीवर बसते. सांगते, घरात लग्न आहे. ते एकेक साडी उघडतात, थंड पाणी देतात, चहासुद्धा देतात. मी पदर बघते, काठ बघते, रंग दाखवा म्हणते. कुणी माझं नाव घेत नाही. तासभर तरी कुणीच माझं नाव घेत नाही, काका. त्यांना ते माहीतच नसतं. मग पसंत नाही म्हणते आणि उठते. आतापर्यंत चार दुकानं झाली.

काल पाचव्यात बसले होते. हिरवी साडी समोर होती आणि मनात आलं, घरी गेलेच नाही तर? उशिरा नाही. कधीच नाही. इथूनच दादरला चालत जाऊन मिळेल त्या गाडीत बसले तर? आईचा चेहरा डोळ्यांसमोर आला तरी तो विचार जाईना. मला घरी यायचं नव्हतं. आईवर माझं प्रेम आहे, आणि मला घरी यायचं नव्हतं. दोन्ही एकाच वेळी होतं. सात महिने ती मला हाक मारतेय आणि मी तिथे साड्या बघत बसते. अशी कशी मुलगी मी?

शिव्या घाला. पण आईला कळू देऊ नका.

प्रिती


घर, शुक्रवार, संध्याकाळी

चि. प्रिती,

तू प्रॅक्टिसला गेलीस, आता लिहितो. तुझ्यासमोर सकाळी लिहिणं जमलं नाही, कारण माझ्या हातून एक चूक झाली आहे.

आपल्या चाळीत घरात पत्र आलं की ते एकट्याने वाचत नाहीत. गावाहून कागद आला की कुशाबा मोठ्याने वाचायचा आणि सगळी खोली ऐकायची. ती सवय अंगात मुरलेली आहे. बशीखाली कागद दिसला, वर ‘चांगलं’ दिसलं, हर्षवर्धनचं नाव दिसलं, मी वहिनींना म्हटलं, ऐका, पोरीचं कौतुक आहे. आणि वाचत सुटलो. साडीच्या दुकानापर्यंत आलो तेव्हा कळलं हे वाचायचं नव्हतं. पण वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. थांबलो असतो तर त्यांनी याहून वाईट काहीतरी समजून घेतलं असतं. मी शेवटपर्यंत वाचलं. ‘आईला कळू देऊ नका’ हेसुद्धा वाचलं. माझा आवाज मला नीट ऐकू येत नाही, मी मोठ्याने बोलतो, तेव्हा गॅलरीनेही ऐकलं असणार. शेवंतीबाई दारात उभ्या होत्या, त्या डोळ्यांना पदर लावून गेल्या. तू नळ सोडून आंघोळ करत होतीस म्हणून तेवढी वाचलीस.

वहिनी रडल्या. लपवत नाही. बराच वेळ रडल्या. मी हात धरून बसलो, दुसरं मला काय येतं? शिव्या तुला घालायच्या की मला, हेही कळेना.

मग त्यांनी तो चांगला डावा हात माझ्या हातातून सोडवून घेतला आणि दाराकडे केला. एकदा केला, मग माझ्याकडे बघून पुन्हा केला. ओठ हलले नाहीत. रागाने केला की मायेने, ते मला ओळखता आलं नाही, आणि ओळखलं असं खोटं सांगणार नाही. पण हात दाराकडे होता, एवढं नक्की.

तेव्हा उद्या आठच्या आधी घरी येऊ नकोस.

बुधाजी